काळ्या टी-शर्टच्या आतला माणूस

प्रत्येक बॅचमध्ये असा एक तरी नग असतोच. बारा महिने काळा टी-शर्ट, कानात हेडफोन, मोबाइलच्या स्क्रीनवर वटवाघळं नाहीतर कुठलं तरी पडकं चर्च. गॅदरिंगला सगळे नाचत असताना हा एकटा टेरेसवर. मुलगी असेल तर डोळ्यांत जाडजूड काजळ, काळी नेलपॉलिश आणि आजूबाजूला 'हिला काय झालंय?' असे चेहरे. मग आपण मोठ्या उत्साहाने बारसं उरकून टाकतो. सायको, वेताळ, ड्रॅक्युला... फार झालं तर "ॲटिट्यूड आहे रे त्याला!" म्हणून विषय संपवतो.

त्याला विचारलंच, तर तो बहुतेक एवढंच सांगेल, "मला गॉथिक गोष्टी आवडतात." आता हे गॉथिक म्हणजे नक्की काय? भुताखेतांचं वेड? फॅशन? की आजार? मित्रमैत्रिणींनो, या शब्दाची गोष्ट मोठी गमतीची आहे, आणि तिची सुरुवात चक्क आपल्या सिव्हिलवाल्यांच्या प्रांतात होते!

शिवीतून जन्मलेला शब्द

गॉथ या युरोपातल्या जर्मानिक टोळ्या. त्यांच्यापैकी व्हिसिगॉथ लोकांनी इ. स. ४१० मध्ये रोम लुटलं. त्यानंतर हजार-अकराशे वर्षांनी, १६व्या शतकात, इटलीतला चित्रकार आणि लेखक व्हासारी याला मधल्या काळातल्या उंच, टोकदार इमारती अजिबात आवडेनात. त्याने त्या रानटी गॉथांच्या नावावर खपवल्या. म्हणजे 'गॉथिक' ही मुळात शिवी! त्या इमारतींशी बिचाऱ्या गॉथांचा काही संबंध नव्हता. ती शैली पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या चर्चमध्ये ११४४ च्या सुमारास आकाराला आली.

त्याआधीच्या चर्चच्या भिंती जाड, खिडक्या लहान आणि आत अंधार. कारण सोपं आहे. दगडी कमानदार छताचा भार फक्त खाली येत नाही, तो भिंतीला बाहेरच्या बाजूलाही ढकलतो. कमान टोकदार केली की हा रेटा कमी होतो. उरलेला रेटा पेलायला कारागिरांनी भिंतीच्या बाहेर दगडी धिरे उभे केले. हेच ते फ्लाइंग बट्रेस. भिंतीवरचं ओझं उतरलं आणि तिथे भल्यामोठ्या रंगीत काचा बसवता आल्या. पुढे उंचीची चढाओढ लागली. फ्रान्समधल्या बोव्हे गावी छत जवळजवळ ४८ मीटरपर्यंत नेलं आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. मग मधे जास्तीचे खांब घालून ते परत उभं केलं.

तेव्हा 'गॉथिक म्हणजे अंधार' असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की ही शैली उजेड आत आणण्याच्या खटपटीतून जन्मली. पाहायचीच असेल तर फ्रान्सला जायची गरज नाही. मुंबईचं सीएसएमटी बघा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. टोकदार कमानी, रंगीत काचा, भिंतीतून डोकावणारे दगडी प्राणी... लोकल पकडायच्या घाईत आपण मान वर करत नाही, एवढंच!

अठरा वर्षांची मुलगी आणि बेनाव प्राणी

१८वं शतक येईपर्यंत यातल्या कितीतरी जुन्या वास्तू पडक्या झाल्या होत्या. त्यांची भीती वाटायची आणि ओढही वाटायची. १७६४ मध्ये इंग्लंडच्या होरेस वॉलपोलने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी लिहिली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिला 'गॉथिक कथा' म्हटलं. तिथून हा शब्द दगडातून कागदावर आला. किल्ले, तळघरं, वादळी रात्री, घराण्याचे शाप असा सगळा मालमसाला तयार झाला.

पण या साहित्याचा खरा आत्मा सापडला तो एका अठरा वर्षांच्या मुलीला. मेरी शेली. तिचा जन्म १७९७ चा. जन्मानंतर अकराव्या दिवशी आई गेली. आई म्हणजे स्त्री-हक्कांवर लिहिणारी प्रसिद्ध लेखिका मेरी वॉलस्टनक्राफ्ट. लहानपणी मेरी आईच्या थडग्याशी जाऊन वाचत बसायची. सतराव्या वर्षाच्या आत ती कवी शेलीबरोबर घर सोडून निघाली आणि वडिलांनी बोलणं टाकलं. १८१५ मध्ये तिचं पहिलं बाळ काही दिवसांतच दगावलं. त्याच वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा महाभयंकर उद्रेक झाला. त्याची राख वातावरणात पसरली आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा म्हणून आलाच नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने कोंडून घातलेल्या मंडळींत मेरी होती, शेली होता, लॉर्ड बायरन होता. बायरनने सुचवलं, प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी. मेरीच्या गोष्टीची पुढे कादंबरी झाली आणि ती १८१८ मध्ये लेखकाच्या नावाशिवाय छापली गेली. तीच 'फ्रँकेनस्टाइन'.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं की फ्रँकेनस्टाइन हे त्या राक्षसाचं नाव. नाही! ते त्याला बनवणाऱ्या तरुणाचं नाव. विज्ञान शिकायला गेलेला, रात्रंदिवस प्रयोगशाळेत राबणारा, घरच्यांना पत्रसुद्धा न लिहिणारा विद्यार्थी. (ओळखीचा वाटतो ना?) त्याने निर्माण केलेल्या प्राण्याला शेवटपर्यंत नावच नाही. डोळे उघडल्या क्षणी बनवणाराच त्याला सोडून पळतो.

सिनेमांनी हा प्राणी मुका आणि मठ्ठ करून टाकला. पुस्तकातला तसा नाही. तो एका झोपडीला लागून लपून राहतो. फटीतून आतलं गरीब कुटुंब बघत बघत भाषा शिकतो, वाचायला शिकतो. रात्री गुपचूप त्यांच्यासाठी लाकडं तोडून ठेवतो. बरेच महिने धीर गोळा करून एके दिवशी तो आत जातो. घरात एकटा आंधळा म्हातारा असतो. म्हातारा त्याच्याशी माणसासारखा बोलतो, कारण त्याला चेहरा दिसत नसतो. तेवढ्यात बाकीचे येतात, किंचाळतात, काठीने मारतात. सगळं संपतं.

पुढे तो फ्रँकेनस्टाइनला गाठून मागतो काय? पैसा नाही, सत्ता नाही. आपल्यासारखी एक जोडीदार दे, आम्ही दोघं माणसांपासून लांब निघून जाऊ, एवढंच मागणं. फ्रँकेनस्टाइन कबूल होतो आणि अर्धवट झालेली जोडीदार त्याच्या डोळ्यांसमोर फाडून टाकतो. इथून पुढचे खून होतात. मेरी शेली त्या खुनांचं समर्थन करत नाही. पण हा प्राणी राक्षस म्हणून जन्मला नव्हता, हे ती दोनशे वर्षं जगाला सांगते आहे. भीतीच्या गोष्टीच्या पोटात एकटेपणाची गोष्ट आहे. अंधाराची आवड असलेल्या मुलाला अशा पुस्तकात जे सापडतं, ते नेमकं हेच असतं. भूत नव्हे, ओळख.

पत्रं, संगीत आणि एक काळा दिवस

१९७९ मध्ये इंग्लंडच्या 'बाऊहाऊस' या बँडचं 'बेला लुगोसीज डेड' हे गाणं आलं. पडद्यावरच्या ड्रॅक्युलाचं काम गाजवणाऱ्या नटावरचं, नऊ मिनिटांहून लांब. १९८२ मध्ये लंडनला 'बॅटकेव्ह' नावाचा क्लब सुरू झाला. काळे कपडे, पांढरा चेहरा, उदास सूर अशी 'गॉथ' तरुणांची एक जमातच उभी राहिली. एकट्या पडलेल्यांची जमात! व्हिटबी या समुद्रकाठच्या गावात, जिथे ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युलाचं जहाज किनाऱ्याला लागतं, तिथे १९९४ पासून गॉथ लोकांचा मेळा भरू लागला. सुरुवात कशी झाली माहितेय? पत्रमैत्रीतून जोडलेली सुमारे चाळीस माणसं एकमेकांना प्रत्यक्ष भेटायला आली, बस्स.

याची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या बेकप गावात सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र बागेतून चालले होते. दोघेही गॉथ वेशात. पोरांच्या टोळक्याने त्या मुलाला बेदम मारलं. त्याला वाचवायला ती आडवी पडली, तर तिलाही तुडवलं. तेरा दिवसांनी ती गेली. कारण एकच, ते 'वेगळे' दिसत होते. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची नोंद द्वेषातून केलेला गुन्हा म्हणून करू लागले. आपण 'वेताळ' म्हणून टाळ्या देतो ती फक्त गंमत असते, मान्य. पण वाट तीच आहे, हेही खरं.

मग हा आजार आहे का?

नाही. अंधारी पुस्तकं आणि उदास गाणी आवडणं हा आजार नव्हे. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. २०१५ मध्ये 'लॅन्सेट सायकायट्री' या नियतकालिकात ब्रिस्टल भागातल्या साडेतीन हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास आला. १५व्या वर्षी स्वतःला ठामपणे गॉथ म्हणवणाऱ्यांत १८व्या वर्षी नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट होतं. काळ्या कपड्यांमुळे नैराश्य येतं असा याचा अर्थ नाही, आणि तसं सिद्ध झालेलं नाही हे संशोधकांनीच सांगितलं. आधीच दुखावलेली मुलं या गटाकडे ओढली जात असावीत, आपल्यासारखं कुणी भेटेल म्हणून.

शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो यांनी अनेक वर्षं एकटेपणावर संशोधन केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. एकटेपणा हा भुकेसारखा किंवा तहानेसारखा इशारा आहे. 'माणसं हवीत' असं शरीर सांगत असतं. गोची अशी, की हा इशारा फार दिवस चालू राहिला तर मेंदू सावध होतो, साध्या बोलण्यातही धोका शोधतो. कुणी हसलं तर 'मलाच हसले', कुणी बोलावलं तर 'दया आली असेल'. म्हणजे ज्याला माणसांची सगळ्यात जास्त गरज, तोच सगळ्यांना लांब ठेवतो! इन्स्ट्रुमेंटेशनवाले याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतील. लूप कुठेतरी बाहेरून तोडावा लागतो.

आपल्याच भाषेतला एकटा माणूस

आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी होते. नियती, मृत्यू आणि माणसाची तगमग यांनी भरलेल्या गूढ, काळोख्या कथा लिहिणारे. 'काजळमाया', 'पिंगळावेळ' ही नुसती नावंच बघा. धारवाडला इंग्रजी शिकवायचे, सभा-समारंभांपासून चार हात लांब. पण हाच माणूस लांबलचक पत्रं लिहायचा, इतकी की त्यांचे पुढे खंड निघाले. सुनीता देशपांडे यांनी त्यांना लिहिलेली पत्रं 'प्रिय जी. ए.' या पुस्तकात आली आहेत. गर्दी नको असणं आणि माणूस नको असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जी. एं.कडे बघून कळतं.

म्हणून त्या काळ्या टी-शर्टवाल्याला दोन शब्द. मला पूर्ण समजून घेणारा एकच कुणीतरी अचानक भेटेल, ही वाट बघण्यात चार वर्षं आणि आठ सेमिस्टर कधी जातील कळणार नाही. असं नातं तयार मिळत नाही, ते लहानसहान फेऱ्यांतून बनतं. जर्नल मागायला जाणं, एका पुस्तकाची देवाणघेवाण, रात्री चहाच्या टपरीवर अर्धा तास. व्हिटबीच्या लोकांनी आधी पत्रच टाकलं होतं. आणि झोप उडाली, जेवण जाईना, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर ते गॉथिकपण नव्हे. तेव्हा घरच्यांशी, सरांशी किंवा डॉक्टरांशी बोलायचं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि आपण बाकीच्यांनी काय करायचं? "चिअर अप यार" म्हणून पाठीवर थाप मारायची नाही. भिंतीला आतून उपदेश करून उपयोग नसतो, बाहेरून धिरा द्यावा लागतो. त्याच्याशेजारी बसा, "काय ऐकतोयस?" विचारा आणि एक इअरफोन मागून घ्या. गाणं नऊ मिनिटांचं निघालं तरी मधेच उठू नका!