लॅबमधले जंतू, घरातली भीती

मुलीने बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी घेतली की घरचे दोन गोष्टी बजावतात: हात नीट धू, आणि ते टीबीबिबीचे जंतू घरी आणू नकोस. काळजी खरी असते, तिच्यामागची माहिती मात्र अर्धवट. रोगजंतूंच्या अभ्यासाबद्दलचे असे काही समज तपासून पाहू.

गैरसमज १: प्रॅक्टिकलला रोज जीवघेणे जंतू हाताळावे लागतात.

वस्तुस्थिती: धोक्यानुसार सूक्ष्मजीवांचे चार गट पाडलेले आहेत आणि त्यानुसार प्रयोगशाळेची पातळी ठरते. कॉलेजच्या टेबलावर येतात ते बहुतेक खालच्या गटातले: बॅसिलस सबटिलिस, यीस्ट, ई. कोलायचे निरुपद्रवी प्रकार. क्षयाचा जंतू दिसतो तो रंगवून पक्क्या केलेल्या स्लाइडवर. निपाहसारख्या विषाणूला चौथ्या पातळीची प्रयोगशाळा लागते. तशी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे आहे. शिस्त मात्र पहिल्या दिवसापासून कडक असते. तोंडाने पिपेट ओढायचं नाही, लूपची तार दरवेळी लाल होईपर्यंत तापवायची, वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेत १२१ अंशांवर निर्जंतुक करूनच टाकायच्या.

गैरसमज २: जंतू शरीरात गेला की रोग झालाच.

वस्तुस्थिती: माणसाला रोग करू शकणाऱ्या जाती सुमारे १४०० मोजल्या गेल्या आहेत, तेही विषाणू, बुरशी आणि कृमी धरून. त्यातलेही सगळे सदासर्वकाळ उपद्रव देत नाहीत. स्टॅफिलोकोकस ऑरियस दहापैकी साधारण तिघांच्या नाकात निवांत नांदतो. तोच जखमेत उतरला की पू होतो. संख्याही महत्त्वाची. शिगेलाचे शंभराच्या आतले जंतूही हगवणीला पुरतात. पटकीच्या बहुतेक जंतूंचा मात्र निरोगी पोटातलं आम्लच निकाल लावतं, म्हणून तिथे ते फार मोठ्या संख्येने जावे लागतात. जंतू कोणता, याच्याइतकंच तो किती, कोणत्या वाटेने आणि कोणाच्या शरीरात गेला, हे विद्यार्थ्याला सांगता यावं लागतं.

गैरसमज ३: सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की जंतू ओळखता येतो.

वस्तुस्थिती: १८८४ मध्ये हान्स क्रिस्टियन ग्राम यांनी काढलेली रंगवण्याची पद्धत आजही पहिली पायरी आहे. पण त्या रंगात आपल्या आतड्यातला ई. कोलाय आणि टायफॉइडचा साल्मोनेला दोघेही गुलाबी काड्याच दिसतात. फरक कळतो तो त्यांना जेवायला घातल्यावर. मॅकॉन्की अगार या खाद्यमाध्यमावर ई. कोलाय दुधातली साखर पचवतो आणि त्याच्या वसाहती गुलाबी होतात. साल्मोनेलाला ती पचत नाही, त्याच्या वसाहती बिनरंगी राहतात. चेहऱ्यापेक्षा खाण्याच्या सवयींवरून माणूस ओळखावा, तशातला हा प्रकार.

गैरसमज ४: कल्चर रिपोर्टला दिवस लागतात, कारण लॅबवाले ढिले असतात.

वस्तुस्थिती: वेळ जंतू घेतो. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून रात्री लावलेल्या प्लेटवर सकाळी वसाहती दिसतात. क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हायला १५ ते २० तास लागतात. घट्ट माध्यमावर त्याची वसाहत दिसायला तीन ते सहा आठवडे जातात. जनुकीय तपासणी दोनेक तासांत क्षयाचा जंतू दाखवते, पण तो जिवंत की मेलेला हे तिला कळत नाही. कुष्ठरोगाचा जंतू तर हान्सेन यांनी १८७३ मध्ये शोधला, तरी कृत्रिम माध्यमावर तो अजून कोणालाच वाढवता आलेला नाही.

गैरसमज ५: हा विषय म्हणजे जंतू मारण्याचं शिक्षण.

वस्तुस्थिती: आधी त्यांना पोसायला शिकावं लागतं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लशीचं काम सुरू केलं. जंतू भरपूर वाढावेत म्हणून त्यांनी मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबत वाढले. मग उष्णतेने ते मारून लस केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे काम पुढे ज्या परळच्या संस्थेत चाललं, तिला त्यांचं नाव १९२५ मध्ये मिळालं.

गैरसमज ६: अँटिबायोटिकची शरीराला सवय होते, म्हणून ते लागू पडेनासं होतं.

वस्तुस्थिती: याचं उत्तर एका साध्या प्रॅक्टिकलमध्ये आहे. प्लेटवर जंतूंचा थर पसरून त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ कडं उमटतं. चालत नसेल तर जंतू थेट चकतीला भिडतात. त्या प्लेटमध्ये रुग्णाचं शरीर नसतंच. बदललेला असतो तो जंतू: औषधाने बाकीचे मरतात, दाद न देणारे मोजके उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. साध्या सर्दीवर हे औषध घेणं तर फुकटच, कारण सर्दी विषाणूंची असते आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. पोटातल्या जीवाणूंशी मात्र त्याची गाठ पडते.

ही कडी मिलिमीटरमध्ये मोजून जर्नलमध्ये लिहिली की मुलगी घरी येते, सांगितल्याप्रमाणे हात धुते, आणि पुढच्या सर्दीसाठी कपाटात जपून ठेवलेली उरलेल्या गोळ्यांची पट्टी आईकडून मागून घेते.