वीज आल्यावर सर्व्हरला कोण उठवते?

शाळेतील एका संगणकावर धड्यांची पाने ठेवली आणि ती इतर संगणकांवरून वाचता येऊ लागली, की वेब सर्व्हर झाला. रात्री वीज जाते, पहाटे येते. सकाळी संगणक सुरू दिसतो, पाने मात्र उघडत नाहीत. असे का व्हावे?

पाने पुरवतो तो अपाचेसारखा एक प्रोग्राम. चालू प्रोग्राम स्मृतीत असतो आणि वीज जाताच ती स्मृती कोरी होते. वीज आल्यावर चिपमधला कायमचा प्रोग्राम जागा होतो, तो डिस्कवरच्या बूटलोडरला उठवतो, बूटलोडर लिनक्सच्या कर्नलला. कर्नल एकच प्रोग्राम सुरू करतो. त्याचा क्रमांक १. आपण चालवतो ते बाकी सारे प्रोग्राम त्याचीच मुले-नातवंडे! तेव्हा अपाचेला उठवायचे हे या क्रमांक १ ला कळायला हवे.

रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत यासाठी मोठी साधी युक्ती होती. एका फोल्डरमध्ये 'एस१०नेटवर्क', 'एस८५एचटीटीपीडी' अशा नावांचे दुवे असत. एस म्हणजे सुरू करा. आकडा म्हणजे पाळी. आधी जाळे, मग सर्व्हर. बंद करतानाच्या फोल्डरमध्ये 'के१५एचटीटीपीडी' आणि 'के९०नेटवर्क'. बेरीज करून पाहा, दोन्हीकडे १०० येते. म्हणजे शेवटी आलेला आधी जातो.

२०१० साली आलेल्या सिस्टिमडीमध्ये आकडे गेले. 'मला जाळ्यानंतर उठवा' असे प्रत्येक सेवेच्या फाइलीतच लिहिलेले असते. ज्यांचा एकमेकींशी संबंध नाही त्या सेवा एकदमच उठतात. इथे 'स्टार्ट' आणि 'इनेबल' या आज्ञांत गल्लत होते. 'स्टार्ट' म्हणजे आत्ता सुरू कर. नुसते 'इनेबल' म्हटले तर आत्ता काहीच घडत नाही, पुढच्या वेळेसाठी दुवा तेवढा तयार होतो. आपल्या सर्व्हरला बहुधा फक्त 'स्टार्ट' मिळाले होते.

वेब सर्व्हरचे नेहमीचे दार ८० क्रमांकाचे. १०२४ च्या खालची दारे उघडण्याचा अधिकार परंपरेने मुख्य वापरकर्त्याचा, म्हणजे रूटचा. म्हणून अपाचे रूट म्हणून उठतो, दार उघडतो. मागण्या हाताळणारी त्याची मुले मात्र साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालतात. एखाद्या मुलाला कोणी फसवले, तरी सारा संगणक त्याच्या हाती सहजी जात नाही. ही काळजी मला सर्वांत मोलाची वाटते.

वीज येताच संगणक आपोआप चालू व्हावा ही सोय मात्र लिनक्सच्या हाती नाही. ती चिपमधल्या प्रोग्रामच्या मांडणीत करावी लागते. दोन्ही केल्यावर संगणक बंद करून चालू करा, त्यावर लॉगिन करू नका, आणि शेजारच्या संगणकावरून पान उघडून पाहा.