सैनिकाच्या हातचे कसब आणि नागरी प्रमाणपत्र

भारतीय सेनादलांतून दरवर्षी सुमारे 60 हजार जवान निवृत्त होतात. त्यांतील बहुसंख्य चाळिशीच्या आसपासचे असतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील सैनिक टाकळी यांसारख्या गावांना हे नव्याने सांगावयास नको. मुलांची शिक्षणे व्हावयाची असतात आणि अंगात आणखी वीस वर्षे राबण्याची धमक असते. अशा वेळी रणगाड्याचे इंजिन उतरवून पुन्हा जोडणारा कारागीर एखाद्या फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहतो. ते काम हलके नव्हे; परंतु त्यासाठी इंजिन शिकण्याची आवश्यकता नव्हती.

याचे कारण कसबाचा अभाव हे नाही. लष्करी वाहनांतील वीजव्यवस्था सामान्यतः 24 व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालते, तर कारखान्यातील मोठी यंत्रे 415 व्होल्टच्या थ्री फेज पुरवठ्यावर. हा फरक अनुभवी माणसाला काही महिन्यांत आत्मसात करता येतो. तथापि कारखानदार आय.टी.आय.चे प्रमाणपत्र मागतो आणि तारतंत्रीच्या कामासाठी शासनाचा परवाना लागतो. पंधरा वर्षे सेवा झालेल्या मॅट्रिक जवानास केंद्र शासनाच्या ‘क’ गटातील काही पदांसाठी पदवीधर समजण्यात येते. मात्र ही सवलत मुख्यतः तांत्रिक अनुभव अनिवार्य नसलेल्या पदांकरिता आहे. म्हणजे ज्याचा हात यंत्रावर बसलेला आहे, त्यालाच तिचा उपयोग कमी!

ही उणीव भरून काढण्यासाठी संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयामार्फत निवृत्तीपूर्वी अभ्यासक्रम चालविण्यात येतात. जवानांना सेवेच्या अखेरच्या काळात ते शिकता येतात व त्यांचे शुल्क शासन भरते. अडचण निवडीच्या वेळी येते. पुष्कळ जवान सोपा किंवा घराजवळचा अभ्यासक्रम घेतात. आपल्या लष्करी ट्रेडशी जुळणारा घेतलाच असे होत नाही.

तांत्रिक शिक्षणाने काय साधते याचा जुना दाखला पुण्याजवळ खडकी येथे आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी लेडी विलिंग्डन यांनी 1917 साली मुंबईत क्वीन मेरी तंत्रसंस्था स्थापन केली. ती पुढे खडकीस हलविण्यात आली. हात किंवा पाय गमावलेल्या जवानास सहानुभूतीपेक्षा धंदेशिक्षण द्यावे, हा विचार त्या काळी नवा होता.

2022 मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेने या प्रश्नाला वेगळे रूप दिले आहे. चार वर्षांच्या सेवेनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांना कायम करण्याची तरतूद आहे. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर गावी परततील. चाळिशीच्या हवालदाराला निवृत्तिवेतनाचा आधार असतो, यांना तो नाही. मात्र पदविका वा पदवी पूर्ण करण्यास वय हाताशी आहे.

गावपातळीवरील काम साधेच आहे. जवान रजेवर आला असता, निवृत्तीला वर्ष-दोन वर्षे अवकाश असतानाच, शिक्षकाने वा ग्रामपंचायत सदस्याने त्याच्या ट्रेडची चौकशी करावी व त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवावे. निवृत्तीनंतर तेथे नाव नोंदविताना डिस्चार्ज बुकातील ट्रेडची नोंद व लष्करी अभ्यासक्रमांचे दाखले सोबत न्यावयास सांगावे. हे दाखले अनेकदा ट्रंकेच्या तळाशी पडून राहतात.