बिघडलेल्या आवाजाची दुरुस्ती

विजेची गिटार वाजविणाऱ्याच्या पायाजवळ तीनचार लहान धातूच्या डब्या पडलेल्या असतात. तिकडे सामान्य श्रोत्याचें लक्ष क्वचितच जातें. वादक मधूनच एकीवर पाय देतो, टक् असा आवाज होतो, आणि इतका वेळ स्वच्छ वाजणारी तार एकाएकीं घोगऱ्या, दाट, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या आवाजानें घुमूं लागते. दुसरीवर पाय दिला कीं तोच स्वर विहिरींत बोलल्यासारखा माघारी येतो. तिसरीनें तो लाटेवर बसल्यासारखा झुलतो. या डब्यांना पेडल म्हणतात. गिटारींतून निघालेला विजेचा सूक्ष्म प्रवाह ध्वनिवर्धकाकडे जातां जातां त्यांतून जातो, आणि तेवढ्या प्रवासांत त्याचा आकार बदलतो. सारी करामत एवढीच.

आपल्याकडे विजेच्या गिटारीचा आवाज घरोघर पोहोचविला तो हिंदी चित्रपटसंगीतानें. १९७१ सालच्या ‘हरे राम हरे कृष्ण’ या चित्रपटांत राहुल देव बर्मन यांच्या संगीतांत भूपिंदर सिंग यांनीं वाजविलेली गिटार अनेकांच्या कानांत अजून असेल. मिरवणुकींतला बँजो हा तर मूळचा जपानी. तेथें १९१२ सालीं निघालेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो वंशज. आतां तोहि विजेवर वाजतो आणि गिटारीचीं पेडलें त्यालाहि चालतात. तेव्हां हा विषय वाटतो तितका परका नाहीं.

पन्नाससाठ वर्षांपूर्वीं निघालेलीं, थोडा काळ विकलीं गेलेलीं व मग विसरलीं गेलेलीं पेडलें जमविण्याचा छंद आतां पुष्कळ देशांत पसरला आहे. नाणीं जमविण्याहून तो एका बाबतींत वेगळा. जुनें नाणें चलनांतून गेलें म्हणून त्याचें मोल कमी होत नाहीं. जुनें पेडल वाजेनासें झालें तर उरतो तो नुसता पत्र्याचा डबा. म्हणून जमविणाऱ्याला दुरुस्ती शिकावीच लागते. आणि येथें एक चमत्कारिक अडचण उभी राहते. ज्या यंत्राचें कामच आवाज बिघडविणें हें आहे, त्यांत दुरुस्त करावयाचें तें काय?

फझ नांवाच्या पेडलाचा जन्मच मुळीं एका बिघाडांतून झाला. अमेरिकेंत नॅशव्हिल या शहरीं मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोंट वरी’ या गाण्याचें ध्वनिमुद्रण चाललें होतें. ग्रेडी मार्टिन हा वादक बास गिटार वाजवीत होता. त्याचा स्वर ज्या यंत्रांतून मुद्रित होत होता त्याचा एक भाग निकामी झाला, आणि स्वराऐवजीं घरघर बाहेर पडली. दुसऱ्या एखाद्यानें तें मुद्रण टाकून दिलें असतें. तेथल्या मंडळींनीं तें ठेवलें. १९६१ सालीं गाणें प्रसिद्ध झालें, आणि लोकांना ती घरघरच आवडली. मग मुद्रण करणारे अभियंते ग्लेन स्नॉडी यांनीं, तोच बिघाड हुकमी घडवून आणणारी एक लहान जोडणी ट्रान्झिस्टर वापरून तयार केली. गिब्सन कंपनीनें ती १९६२ सालीं ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नांवानें बाजारांत आणली. तीन ट्रान्झिस्टर आणि दीड व्होल्टचे दोन सेल, एवढाच तिचा संसार. पुढें कांहीं दिवस ती दुकानांत पडून राहिली. १९६५ सालीं रोलिंग स्टोन्स या इंग्रज वाद्यवृंदानें ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यांत ती वाजविली, आणि मग मागणी पुरी करतां येईना.

बिघडलेला आवाज गोड कसा लागतो, असें कोणी विचारील. मराठी कानाला तरी याचें नवल वाटूं नये. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा अगदीं अल्प उताराचा घासतात आणि तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा दोरा सरकवितात. कांपणारी तार त्या उताराला पुनःपुन्हा चाटून जाते व तिच्यांतून भरीव गुंजारव उठतो. हीच जवारी. शास्त्रानें पाहिलें तर तारेच्या मोकळ्या कंपनांत आणलेला हा अडथळाच आहे. परंतु तो अडथळा काढून टाकला तर तंबोरा मुका होईल. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यामागें या हाताच्या कसबाचा वांटा मोठा आहे. घोडी झिजली म्हणजे जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. तिच्यावर कानस फिरवितांना कारागीर घोडी सपाट करून ‘दोष’ घालवीत नाहीं. कोणता दोष ठेवावयाचा हें त्याचा कान ठरवितो. पेडलाच्या दुरुस्तीचें वर्म हेंच आहे.

फझ पेडलांत काय घडतें तें थोडक्यांत असें. तारेच्या स्वराची लाट डोंगराच्या रांगेसारखी वरखालीं जाते. ट्रान्झिस्टर तिला मोठी करतो. परंतु त्याची शक्ति मर्यादित असल्यानें लाट फार मोठी झाली कीं तिचे माथे कापले जातात व डोंगरांचीं पठारें होतात. या कापाकापींतून मूळ स्वराचे नवे उपस्वर जन्मतात, आणि तेच कानाला दाटपणा देतात. लंडनला १९६६ सालीं निघालेल्या ‘फझ फेस’ या वाटोळ्या पेडलांत दोनच ट्रान्झिस्टर असत, आणि प्रारंभीं ते जर्मेनियम या मूलद्रव्याचे असत. पुढें सिलिकॉनचे आले. माथा कसा कापावा, तीक्ष्ण कीं गोलसर, हें या द्रव्यावर व प्रत्येक नगाच्या प्रकृतीवर अवलंबून असतें. एकाच दिवशीं, एकाच बाकावर बनलेलीं दोन पेडलें सारखीं वाजत नाहींत, तीं यामुळें. आपल्या छंदाचा हा आनंद कीं डोकेदुखी, हें जमविणारेहि निश्चित सांगत नाहींत.

जर्मेनियमचा एक मोठा दुर्गुण म्हणजे गळती. तोटी बंद असूनहि नळ थेंबथेंब गळावा, तसा त्यांतून थोडा प्रवाह निष्कारण वाहत असतो, आणि तपमान सुमारें दहा अंशांनीं वाढलें कीं ही गळती जवळजवळ दुप्पट होते. लंडनच्या हवेंत हा दोष सोसला जातो. वाशीम जिल्ह्यांत तो सोसत नाहीं. समजा, तेथल्या एखाद्या तरुणानें जुनें फझ फेस मागवून जानेवारींतल्या पंधरा अंशांच्या रात्रीं जुळवून ठेवलें. मे महिन्यांत पारा बेचाळिसांवर गेला म्हणजे त्यांतली गळती सहापटींहून अधिक होईल; स्वर तुटक, पडल्यासारखा येईल, कदाचित् मुळींच येणार नाहीं. तरुण समजेल, ट्रान्झिस्टर मेला. तो काढून फेंकील, सिलिकॉनचा बसवील, आणि पन्नासपंचावन्न वर्षें जगलेला चांगला नग कचऱ्यांत जाईल. ट्रान्झिस्टर मेला नव्हता, त्याला ऊन लागलें होतें. पेडल रात्रभर सावलींत ठेवून पहांटे वाजवून पाहिलें असतें तर निदान आपोआप झालें असतें.

म्हणून जाणता माणूस आधीं मीटर उचलतो. नऊ व्होल्टच्या सेलावर चालणाऱ्या या पेडलांत दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर सुमारें साडेचार व्होल्ट मिळाले पाहिजेत. ते उन्हाळ्यांत हटले असतील, तर तेथील रेझिस्टन्सच्या जागीं एक लहानसा फिरता कंट्रोल बसवून ऋतूप्रमाणें ते पुन्हा जागेवर आणतां येतात. जुना भाग जागचा हलत नाहीं आणि आवाजहि परत येतो.

बाकीच्या पुष्कळ तक्रारी याहून साध्या असतात. गंजलेला सेलाचा टाका, सैल झालेली तार, पावसाळ्याच्या दमट हवेनें काळें पडलेलें बटण, धुळीनें खरखरणारा कंट्रोल. दुसरा नित्याचा रोगी म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर. त्याच्या पोटांत ओलसर रसायन असतें; तें वर्षानुवर्षें सुकत जातें, आणि उष्ण प्रदेशांत अधिकच लौकर. तो बदलण्यांत कांहीं पाप नाहीं. सोल्डरिंग करतांना मात्र जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्यानें धरून ठेवावा, म्हणजे उष्णता चिमट्यांत उतरते व आंतला जीव वांचतो. शिवाय या पेडलांपैकीं कांहींत सेलाचा धन टोकाचा धागा जमिनीला, म्हणजे पत्र्याला जोडलेला असतो. आजकालचा अडॅप्टर नेहमींच्या दिशेनें लावला कीं क्षणांत नुकसान होतें.

दोषालाच गुण मानावयाचें याचा सर्वांत सुंदर नमुना जपानच्या शिन-एई कंपनीच्या ‘युनि-व्हाइब’ या पेडलांत दिसतो. फुमिओ मिएदा यांनीं तें योजलें. डबीच्या मधोमध एक इवलासा तारेचा दिवा आणि त्याच्याभोंवतीं प्रकाश पडतांच आपला रेझिस्टन्स बदलणारे चार नेत्र. दिवा उजळतो, मंदावतो. त्याबरोबर स्वर झुलतो. दिव्याची तार तापायला आणि निवायला क्षणभर उशीर लागतो, तो उशीरच त्या झुल्याचा डौल. दिवा गेला म्हणून त्या जागीं झटकन् पेटणारा एलईडी बसविणारे पुष्कळ आहेत. दिवा अधिक टिकतो हें खरें, पण मग पेडल झुलत नाहीं, उचक्या देतें.

प्रतिध्वनीच्या पेडलांची अडचण निराळी. १९६९ सालीं फिलिप्सच्या संशोधकांनीं एक युक्ति काढली. आग लागली असतां विहिरीपासून घरापर्यंत माणसें रांगेनें उभीं राहून पाण्याची बादली हातोहात पुढें देतात, तशी स्वराची बादली हजारों खणांतून पुढें सरकवावयाची. पुढें निघालेल्या एका प्रसिद्ध जपानी चिपेंत असे ४०९६ खण होते. जुन्या चिपा दुर्मिळ झाल्या, तशा नांवें खोडून छापलेल्या नकलीहि बाजारांत आल्या. त्यांतच कांहीं कारखानदारांनीं नक्कल होऊं नये म्हणून सर्व सर्किटावर काळा राळ ओतून ठेवलेला असतो. अशा डबीचा नकाशा सहसा मिळत नाहीं. दुरुस्त करणाऱ्याला एकेक धागा शोधून तो वहींत स्वतः काढावा लागतो.

सुटे भाग मिळविण्यासाठीं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे दादासाहेब भडकमकर मार्गाला, जाणारे जातातच. परंतु जर्मेनियमच्या बाबतींत घरचा खजिना दूर नाहीं. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत १९६२ पासून जर्मेनियमचीं साधनें होऊं लागलीं. लंडनच्या पेडलांतून आढळणारा एसी १२८ हा ट्रान्झिस्टर येथेंहि बने आणि आपल्या खिशांतल्या व फडताळांतल्या रेडिओंत ध्वनि मोठा करण्याचें काम करी. नागपूर केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. तें केंद्र ज्यांवर ऐकलें गेलें त्या पुढच्या काळांतल्या ट्रान्झिस्टर रेडिओंपैकीं कित्येक कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथल्या माळ्यांवर धूळ खात असतील, आणि दिवाळीच्या आवरासावरींत भंगारवाल्याला वजनावर दिले जात असतील. चालता रेडिओ फोडून पेडल जगविणें हा अविचार होय. पण ज्याची पेटी फुटली, कांटा तुटला, त्यांतले दोन ट्रान्झिस्टर काढून, मीटरवर त्यांची गळती मोजून, चिठ्ठी लावून ठेवण्यास कोणाची हरकत असावी? जर्मेनियमच्या या नगांचें उत्पादन केव्हांच थांबलें आहे. जे उरले ते उरले.

काढलेला प्रत्येक जुना भाग लहान पाकिटांत घालून पेडलाबरोबरच ठेवावा, असा जाणत्यांचा परिपाठ आहे. झांकणाच्या आंतल्या बाजूस एक कागद चिकटवितात. त्यावर काय बदललें, कोणत्या दिवशीं, कलेक्टरवर किती व्होल्ट होते, हें लिहितात. विदर्भांतल्या माणसानें तेथें आणखी एक आंकडा लिहावा, त्या दिवशींच्या तपमानाचा. कारंज्याला एप्रिलांत जुळविलेलें पेडल डिसेंबरांत पुण्याला वाजविणाऱ्याच्या हातीं पडलें, तर आवाज बदलला तो हवेच्या फेरानें, यंत्राच्या रोगानें नव्हे, हें त्याला त्या आंकड्यावरून कळतें.