बेडकाच्या भ्रूणातील शीर्षनिर्मिती आणि पेशीग्राही

पहिला पाऊस पडून गेला म्हणजे बिडकीनच्या परिसरातील डबक्यांत बेडकांची अंडी आढळू लागतात. त्या गोलाकार अंड्यातून एका टोकाला डोके व दुसऱ्या टोकाला शेपूट का निर्माण व्हावी, हा भ्रूणशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न होय.

१९२४ साली श्पेमान व हिल्डे मांगोल्ड यांनी न्यूट या उभयचराच्या भ्रूणात पेशी जेथून आत वळतात त्या छिद्राचा वरचा ओठ काढून दुसऱ्या भ्रूणात रोवला. तेव्हा तेथे दुसरा गर्भ आकारास आला. या भागास ‘संघटक’ हे नाव मिळाले. संघटकातील आदेशद्रव्याचा शोध पुढे सुरू झाला. तथापि १९३६ साली वॉडिंग्टन, नीडहॅम व ब्राशे यांनी दाखविले की, मेथिलीन ब्लूसारखे परके रंगद्रव्यही चेताऊतक उत्पन्न करविते. (पुणे विद्यापीठात भ्रूणशास्त्राची परंपरा रुजविणाऱ्या लीला मुल्हेरकर यांनी याच वॉडिंग्टन यांच्याकडे एडिंबरो येथे संशोधन केले होते.) परके द्रव्य पुरेसे होत असेल, तर ती क्षमता ऊतकातच सुप्त असली पाहिजे. मग तिला आवर कोण घालतो?

याचे उत्तर पेशीपटलावरील ग्राही प्रथिनांत सापडले. बाहेरून आलेले विंट प्रथिन फ्रिझल्ड व एलआरपी-६ या दोन ग्राहींशी जोडले गेले म्हणजे पेशीत बीटा-कॅटेनिन साचते व विशिष्ट जनुके कार्यान्वित होतात. अगदी आरंभी याच मार्गाने संघटक तयार होतो. पेशी आत वळू लागल्यावर मात्र तोच संदेश शरीराचा मागील भाग घडवितो. त्यामुळे पुढील टोकाशी हे ग्राही निःशब्द राहणे आवश्यक ठरते.

१९९८ साली हायडेलबर्ग येथे नीर्स यांच्या गटाने झेनोपस बेडकात ‘डिकॉफ’ हे प्रथिन शोधले. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘जाड डोके’ असा आहे. संघटकातून स्रवणारे हे प्रथिन एलआरपी-६ ला चिकटून विंटचा मार्ग अडविते. त्याच्या जोडीला बीएमपी-ग्राहीही रोखला, तर भ्रूणाच्या उदराकडे दुसरे संपूर्ण डोके उगवते. उलट डिकॉफ प्रतिपिंडाने निष्प्रभ केले, तर डोके खुरटते. २००२ साली क्रेमेन हा साहाय्यक ग्राही ज्ञात झाला. तो एलआरपी-६ ला पेशीत ओढून नेण्यास हातभार लावतो. मात्र २००८ साली दोन्ही क्रेमेन नसलेले उंदीर जगतात असे दिसून आले. म्हणजे सस्तनांत त्याचे कार्य अनिवार्य नाही. डिकॉफ-१ नसलेल्या उंदराच्या भ्रूणात मात्र डोक्याचा पुढील भाग तयार होत नाही.

सारांश, शीर्षनिर्मितीत संदेश पोहोचण्याइतकेच त्याला योग्य स्थळी व योग्य वेळी प्रतिबंध होणेही निर्णायक असते. म्हणून भ्रूणाच्या अभ्यासकाने कोणते द्रव्य स्रवते एवढेच न पाहता, कोणत्या पेशीचा कोणता ग्राही केव्हा रोखला जातो, याचाही शोध घेणे अगत्याचे आहे.