छपरावर उगवलेलं रान

ट्रक बनवणाऱ्या कारखान्याच्या छपरावर काय असतं? पत्रे म्हणाल. फार तर पाण्याच्या टाक्या. हो ना?

पण एका कारखान्याच्या छपरावर चक्क झाडं आहेत! दोन-चार कुंड्या नव्हेत बरं का. १०.४ एकर झाडं! अमेरिकेत मिशिगन राज्यात डिअरबर्न नावाचं शहर आहे. तिथे फोर्ड कंपनीच्या रूज कारखान्यावर हे रान उगवलंय. खाली धडाधड ट्रक जोडले जातात आणि वर फुलं डोलतात!

कशाला केला हा खटाटोप? पावसासाठी!

एक गणित करू या. या छपरावर फक्त एक सेंटीमीटर पाऊस पडला, म्हणजे तुमच्या करंगळीच्या नखाएवढा. तर किती पाणी झालं? ओळखा! ४ लाख २० हजार लिटर! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे शंभराहून जास्त हत्तींचं वजन झालं की! एवढ्याशा पावसात शंभर हत्ती!

उघड्या छपरावरून हे पाणी एकदम धावत सुटतं. वाटेतली घाण गोळा करतं आणि थेट नदीत शिरतं. कारखान्याशेजारीच रूज नदी आहे. हिरवं छप्पर मात्र त्याला थांबवतं. थोडं पाणी माती शोषते, थोडं झाडं पितात आणि थोडं वाफ होऊन हवेत जातं. उरलेलं सावकाश ठिबकत खाली येतं.

मग आणायची टोपल्या भरभरून माती आणि ओतायची वर? छे! ओली माती भलतीच जड. छप्परच खाली यायचं! म्हणून अशा छपरांसाठी एक गमतीचा दगड वापरतात. खास प्रकारचा मातीचा दगड भट्टीत हजार अंशांहून जास्त तापवला की तो फुगतो. आपल्या ज्वारीच्या लाह्यांसारखा! आत बारीक बारीक पोकळ्या तयार होतात. वजनाला हलका, आणि पाणीही धरून ठेवतो. दगडाच्या लाह्या! मला तर ही युक्ती फार म्हणजे फार आवडते.

या लाह्यांच्या खाली आणखी थर असतात. सगळ्यात तळाशी पाणी आत न झिरपू देणारा जाड पडदा. मग मुळांना अडवणारा थर, कारण मुळं भारी खोडकर, भेग दिसली की घुसलीच! त्यावर जास्तीचं पाणी वाहून नेणारा थर. आणि त्याच्यावर माती अडवणारं कापड.

आता झाडं. रूजच्या छपरावर ती एकेक करून लावली नाहीत. आधी खाली शेतात हिरव्या चटया वाढवल्या. मग त्या गुंडाळल्या, वर नेल्या आणि पसरल्या!

या झाडांचं नाव सीडम. त्यांची पानं जाडजूड, रसाळ. छपरावर रणरणतं ऊन, माती जेमतेम काही बोटं खोल. तरी ती जगतात! कशी?

झाडांच्या पानांना अगदी बारीक भोकं असतात. त्यांतून झाड हवा आत घेतं. पण भोकं उघडली की पानातलं पाणीही उडून जातं. मग पाणी कमी पडलं की सीडम काय करतं? दिवसा भोकं घट्ट मिटून बसतं आणि रात्रीच्या गारव्यात उघडतं! रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड ते आंबट रसाच्या रूपात साठवतं. सकाळी ऊन आलं की त्याच साठ्यातून अन्न बनवतं. आहे की नाही शहाणं झाड?

आणि सांगू? या सीडमचं एक नातेवाईक तुमच्या ओळखीचं आहे. पानफुटी! पानाच्या कडेला इवली इवली रोपं फुटणारी. तीही हेच करते. बेंजामिन हाइन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात राहत होते. त्यांनी पानफुटीचं पान चाखून पाहिलं. सकाळी आंबट लागलं. दुपारी? चवच नाही! आंबटपणा गेला कुठे? ही गंमत त्यांनी लिहून कळवली आणि १८१५ साली ती लंडनमध्ये छापून आली. त्या आंबट रसाचा उलगडा शास्त्रज्ञांना खूप नंतर झाला. (तुम्ही मात्र पान चावून बघू नका हं! पानफुटी पोटाला बाधू शकते.)

आता सांगा, रूजच्या छपरावर पहिले पाहुणे कोण आले? हिरव्या चटया अंथरून थोडेच दिवस झाले होते, आणि तिथे सापडली पक्ष्याची अंडी! हा पक्षी म्हणजे किलडिअर, आपल्या टिटवीचा अमेरिकेतला भाऊबंद. तो झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. त्याला ते छप्पर जमीनच वाटलं की!

आपली टिटवीही काही कमी नाही. तीसुद्धा कधी कधी खडी पसरलेल्या सपाट गच्चीवर अंडी घालते. खड्यांच्याच रंगाची, ठिपकेदार. तेव्हा उन्हाळ्यात अशा गच्चीवर गेलात आणि डोक्यावर टिटवी ‘टिटिव टिटिव’ ओरडत घिरट्या घालू लागली, तर पुढचं पाऊल टाकण्याआधी खाली नीट बघा!