प्रयोगवही : तिची रोजकीर्द व तिची खतावणी

विज्ञानाच्या तासाला प्रत्येक विद्यार्थ्याजवळ प्रयोगवही असते. परंतु पुष्कळांची वही म्हणजे प्रयोग उरकल्यावर चिठोऱ्यांवरून सुवाच्य अक्षरांत उतरून काढलेली प्रत असते. प्रयोग चालू असतां, त्याच जागीं व त्याच वेळीं जी लिहिली जाते, तीच खरी प्रयोगवही होय. ती कशी ठेवावी, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

ही विद्या आपणांस परकी नाहीं. आपल्या जुन्या दप्तरांत व पेढ्यांवर दोन वह्या असत. रोजकीर्दींत प्रत्येक दिवसाची नोंद तारखेच्या क्रमानें होई. खतावणींत त्याच नोंदी खात्यांप्रमाणें वेगळ्या मांडल्या जात. एखादी गोष्ट केव्हां घडली हें पहिली सांगते. एका बाबतींत आजवर काय काय घडलें हें दुसरी सांगते. प्रयोगवहीस दोहोंची गरज आहे.

आपल्या नरखेड तालुक्यांतीलच उदाहरण घेऊं. संत्र्याच्या बागेंत आंबिया बहार धरावयाचा असल्यास डिसेंबरांत झाडांचें पाणी बंद करून ताण देतात, जानेवारींत ताण तोडून पुन्हां पाणी देतात, आणि मग झाडें फुलतात. अशा बागेंतील पांच झाडें एखाद्या विद्यार्थ्यानें निरीक्षणासाठीं निवडलीं, असें समजूं. त्यानें झाडांस व वहीच्या पानांस क्रमांक द्यावे. तारीख व वेळ घालून, काय केलें व काय दिसलें तें लिहावें. तर्क असल्यास तो निराळा मांडावा. चूक झाल्यास तीवर एक रेघ ओढावी. पान मात्र फाडूं नये.

पुढें करावयाचीं कामें त्याच पानावर, समासांत रिकामा चौकोन काढून लिहावीं. जसें, ‘तिसऱ्या झाडाखालीं गळलेलीं फळें मोजणें’. काम झालें कीं चौकोनांत खूण करून तारीख घालावी. राहिल्यास तें पुढील पानावर न्यावें व त्या पानाचा क्रमांक मागें लिहून ठेवावा. त्यामुळें काम हरवत नाहीं, आणि तें किती दिवस रखडलें हेंही दिसतें. वहीच्या शेवटीं ‘ताण’, ‘फुलें’, ‘फळगळ’ अशीं खातीं पाडून त्यांपुढें पृष्ठांक लिहावे.

याचें मोल संकटांत कळतें. उन्हाळ्यांत लहान फळें गळूं लागलीं, तर ताण किती दिवसांचा होता, पाणी केव्हां दिलें, गळ कोणत्या झाडापासून सुरू झाली, हें स्मरणावर सोडतां येत नाहीं. स्मरण आपल्या सोयीनें तारखा बदलतें. ज्या घराचा वर्षाचा संसार बागेवर चालतो, त्यास ही लहान गोष्ट नव्हे.

आतां पुष्कळ जण संगणकावर नोंदी ठेवितात. तेथेंही साध्या मजकुराची एकच फाईल ठेवून तींत तारीखवार लिहीत जावें. अशी फाईल कोणत्याही संगणकावर उघडते, आणि शब्द शोधण्याच्या सोयीमुळें खतावणीचें पुष्कळसें काम आपोआप होतें. मात्र तेथें जुनी नोंद पुसून टाकणें फार सोपें असल्यानें संयम अधिक हवा. एक प्रत अन्यत्रही ठेवावी.

ज्यांच्या स्मरणार्थ १८८३ सालीं नागपुरास हिस्लॉप कॉलेज निघालें, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप धर्मकार्य व शिक्षण यांबरोबरच या प्रदेशांतील खडक, जीवाश्म व आदिवासी जमाती यांचा अभ्यास करीत. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना पुराच्या पाण्यांत बुडून त्यांचा अंत झाला. आदिवासींविषयींचें त्यांचें अप्रकाशित लेखन सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं प्रसिद्ध केलें. लिहून ठेविलें होतें, म्हणूनच तें दुसऱ्याच्या हातीं आलें.

पालकांनींही पाल्याची केवळ सुंदर प्रत न पाहतां त्या त्या दिवशींचें पान पाहावें. लिहिणारा जवळ नसतां दुसऱ्या कोणीं ती वही उघडली, तर त्यास पुढचें काम हातीं घेतां येईल काय? या प्रश्नास ‘होय’ असें उत्तर येईल, तीच वही चांगली समजावी.